मिनी ट्रॅक्टर ट्रॉलीवर चढवण्याआधी त्याचं वजन कसं काढायचं

इंदूरची बरीच मराठी मंडळी हल्ली घर सुदामा नगर-राजेंद्र नगरात आणि चार-पाच बिघे सिमरोल, चोरल नाहीतर सांवेरच्या बाजूला, अशी दोन ठिकाणी विभागलेली आहेत. पेरूच्या ओळींत मोठा ट्रॅक्टर वळत नाही आणि तेवढ्या जमिनीला परवडतही नाही, म्हणून १५ ते ३० हॉर्सपॉवरचा मिनी ट्रॅक्टर घेतला जातो. बहुतेक वेळा जुना. सौदा देवास, उज्जैन किंवा शाजापूरकडे होतो आणि आणण्यासाठी ओळखीच्या कुणाचा तरी मोठा ट्रॅक्टर आणि खाली बसकी दोनचाकी ट्रॉली ठरते. मी स्वतः अशी ने-आण केली आहे, दुसऱ्यांचीही करून दिली आहे. दर वेळी पहिला प्रश्न तोच असतो, "याचं वजन किती?" आणि उत्तरही ठरलेलं, "असेल सातशे-आठशे किलो."

हे उत्तर खोटं नसतं. ते नुसत्या ट्रॅक्टरचं, म्हणजे कंपनीच्या पत्रकातल्या ट्रॅक्टरचं वजन असतं. तुम्ही जो ओढणार तो पाणी भरलेला, लोखंड लावलेला, मागे रोटाव्हेटर (फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारं अवजार) लटकलेला आणि मालव्याची काळी माती फासलेला असतो. वर ट्रॉलीचं स्वतःचं वजन. हा फरक कधी कधी दुपटीपर्यंत जातो.

आधी जवळ काय ठेवायचं

ट्रॅक्टरची, ट्रॉलीची आणि ओढणाऱ्या गाडीची अशी तिन्ही आरसी (ट्रॉलीची वेगळी नोंदणी लागते, आणि नेमकी तीच घरी राहते), विम्याचे कागद, चालकाचं लायसन्स, खरेदीची चिठ्ठी. सामानात मीटर टेप, खडू, टायरची हवा मोजायचं गेज, मोबाइलचा कॅल्क्युलेटर, चाकांना लावायचे लाकडी ठोकळे आणि रॅचेट बेल्ट (खटक्याने आवळायचे पट्टे). सौदा पाहायला जातानाच टेप आणि गेज सोबत न्या. निम्मं काम त्याच दिवशी उरकतं.

१. कागदावरचं वजन शोधा

सगळ्यात जवळचा कागद म्हणजे ट्रॅक्टरची आरसी. तिच्यावर अनलेडन वेट, म्हणजे रिकाम्या गाडीचं वजन लिहिलेलं असतं. मिनी ट्रॅक्टरमध्ये हा आकडा मॉडेलप्रमाणे साधारण ६०० ते १३०० किलोमध्ये येतो, त्यामुळे शेजाऱ्याच्या २४ हॉर्सपॉवरवरून आपल्या २४ हॉर्सपॉवरचा अंदाज बांधू नका. हॉर्सपॉवर आणि वजन यांचं नातं या वर्गात फार सैल आहे. हलक्या बांधणीचा फोर-व्हील ड्राइव्ह आणि जाड ओतीव लोखंडाचा टू-व्हील ड्राइव्ह एकाच हॉर्सपॉवरचे असूनही वजनात शेकडो किलोंनी वेगळे निघतात.

याहून चांगला कागद आपल्याच प्रदेशात तयार होतो. नर्मदाकाठी, सीहोर जिल्ह्यातल्या बुदनीला केंद्र सरकारची कृषी यंत्र प्रशिक्षण आणि परीक्षण संस्था आहे. तिथे ट्रॅक्टर मॉडेलनुसार तपासले जातात. त्या परीक्षण अहवालात एकूण वजन तर असतंच, पण पुढच्या आणि मागच्या आसावर (अ‍ॅक्सलवर) किती भार येतो तेही वेगवेगळं दिलेलं असतं, जादा वजन लावून आणि न लावता. आपल्या मॉडेलचा अहवाल मिळाला तर जपून ठेवा. पुढे पायरी ५ मध्ये तो आसांचा हिशेब सोन्याच्या मोलाचा ठरतो.

पत्रक असो की अहवाल, एक गोष्ट वाचूनच पुढे जा: हे वजन कोणत्या अवस्थेत घेतलं आहे? टाकी भरलेली की रिकामी, चालकाचे ७५ किलो धरले आहेत की नाही, टायर कोणते होते. जुन्या ट्रॅक्टरला मागच्या मालकाने मोठे टायर घातलेले असतात, तेही बघा.

२. ट्रॅक्टरच्या अंगावर काय काय आहे ते मोजा

इथे घाई करू नका, कारण सगळी चूक इथेच लपते.

*टायरमधलं पाणी.* पकड वाढावी म्हणून मागच्या टायरमध्ये पाणी भरायची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे, आणि विकणारा ते आपणहून सांगत नाही. त्यालाही आठवत नसतं. ओळखायचं सोपं आहे. ट्रॅक्टर थोडा पुढे-मागे घेऊन टायरचा व्हॉल्व्ह जमिनीच्या बाजूला आणा, टोपी काढा आणि आतली पिन नखाने क्षणभर दाबा. नुसती हवा फुसकन आली तर टायर कोरडा. गंजकट रंगाची धार पायावर आली तर पाणी आहे. चेहरा व्हॉल्व्हसमोर नेऊ नका. टायर साधारण तीन-चतुर्थांश भरतात. मिनी ट्रॅक्टरच्या मागच्या एका टायरमध्ये मापाप्रमाणे पन्नास लिटरपासून पुढे पाणी मावतं, आणि पाणी म्हटलं की एक लिटरला एक किलो. दोन टायरचे मिळून शंभर किलो इथेच वाढले.

*लोखंडी वजनं.* पुढच्या बंपरवर आणि मागच्या रिममध्ये ओतीव लोखंडाच्या चकत्या लावलेल्या असतात. बहुतेक चकत्यांवर आकडा उठावात ओतलेला असतो, वरचं ग्रीस पुसलं की दिसतो. आकडा नसेल तर लांबी, रुंदी, जाडी सेंटिमीटरमध्ये मोजून गुणा, त्याला ७.२ ने गुणून १००० ने भागा. ३० × २० × ५ चा तुकडा म्हणजे ३००० घन सेंटिमीटर, म्हणजे सुमारे २१.६ किलो.

*डिझेल.* लिटरला साधारण ०.८४ किलो. वीस लिटरची टाकी म्हणजे १७ किलो. एवढ्यावरून वाद घालत बसू नये.

*अवजार.* मिनी ट्रॅक्टरचा तीन-चार फुटी रोटाव्हेटर दीडशे ते अडीचशे किलोच्या घरात असतो. त्याच्या गिअरबॉक्सजवळ पत्र्याची पाटी असते, तिच्यावर वजन लिहिलेलं मिळतं. "रोटाव्हेटर मागे राहू दे, वेगळा कुठे उतरवता" असं सगळेच म्हणतात. मी मात्र उतरवायच्या बाजूचा आहे. कारण वजनापेक्षा ते वजन कुठे लटकतं हे महत्त्वाचं आहे, आणि ते पुढे पायरी ५ मध्ये येतंच.

*माती.* पावसाळ्यात आपली काळी माती टायरच्या गुट्ट्यांमध्ये (उंच रबरी दातांमध्ये) आणि रोटाव्हेटरच्या पात्यांमध्ये अशी बसते की खुरप्याने काढावी लागते. ओली असताना तिचे तीस-चाळीस किलो सहज होतात. आधी धुऊन घ्या. नाहीतर ती पुढे रस्त्यावर पडते आणि मागून येणारा दुचाकीवाला घसरतो.

३. बेरीज करा, आणि कमी धरू नका

एक उदाहरण घेऊ. आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे तुम्ही घाला.

ट्रॅक्टर आरसीप्रमाणे ७८०
डिझेल १७
मागच्या टायरमधलं पाणी ११०
पुढच्या चार चकत्या ८०
रोटाव्हेटर २००
साखळी, पिना, टूलबॉक्स २५

हे झाले १२१२ किलो. रिकामी ट्रॉली ४५० किलोची धरली तर मागे ओढायचं वजन १६६२ किलो. "सातशे-ऐंशी" म्हणून निघालेला माणूस प्रत्यक्षात त्याच्या दुपटीहून जास्त ओढत असतो. ज्या गोष्टी तुम्ही मोजल्या नाहीत, फक्त अंदाजाने धरल्या, त्यांच्यावर आणखी दहा टक्के चढवा.

कुणी तुम्हाला टायरचा जमिनीवरचा ठसा मोजून हवेच्या दाबाने गुणायची युक्ती सांगेल. मोटारीच्या गुळगुळीत टायरला ती थोडीफार लागू पडते. ट्रॅक्टरचा टायर डांबरावर फक्त गुट्ट्यांवर उभा असतो आणि त्याची बाजूही कडक असते, त्यामुळे उत्तर भलतंच येतं. त्यावर गाडी ठरवू नका.

४. ओढणारी गाडी आणि ट्रॉली पेलतील का ते बघा

ट्रॉलीच्या आरसीवर लेडन (भरलेली) आणि अनलेडन (रिकामी) असे वजनाचे दोन आकडे असतात. त्यांची वजाबाकी म्हणजे तिच्यावर कायद्याने किती ठेवता येतं ते. आपले १२१२ त्यात बसले पाहिजेत. नसतील तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे २०,००० रुपये दंड आणि जादा प्रत्येक टनाला २,००० रुपये, शिवाय जादा माल तिथेच उतरवायचा. रस्त्याच्या कडेला ट्रॅक्टर उतरवण्याचा प्रसंग डोळ्यांसमोर आणा म्हणजे पुरे.

पिकअपमध्ये टाकून नेणार असाल तरी हिशेब हाच. छोटा हाथी (टाटा एस) स्वस्त मिळतो म्हणून लोक मोहात पडतात. त्याची क्षमता साधारण पाऊण टनाची. वरच्या उदाहरणातला ट्रॅक्टर नुसताच असतानाही तिथे बसत नाही, सजलेला तर दूरच.

आता ट्रॉलीचे टायर. मापानंतर लिहिलेला लोड इंडेक्स वाचा: ९१ म्हणजे एका टायरला ६१५ किलो, १०० म्हणजे ८०० किलो, १०२ म्हणजे ८५०. "१०२/१००" असे दोन आकडे असले तर पहिला एकेरी चाकाचा, दुसरा जोडचाकाचा. हे वजन टायरमध्ये पूर्ण हवा असेल तरच पेलतं. दोनचाकी ट्रॉलीवर आपल्या उदाहरणात आसावर सुमारे १५०० किलो येतात, म्हणजे एका टायरला ७५०. ९१ वाला टायर तिथे फुटणार, आणि तो नेमका बायपासवर फुटतो.

ब्रेकचं काय? शेतीच्या बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेक नसतातच. थांबवायचं सगळं काम पुढच्या गाडीचं. माझा स्वतःचा नियम असा: बिनब्रेकची भरलेली ट्रॉली ओढणाऱ्या गाडीपेक्षा जड नको, आणि वाटेत घाट असेल तर तिच्या निम्म्याहून जड नको. १६६२ किलोची ट्रॉली या नियमाने घाटातून १८००-२००० किलोच्या ट्रॅक्टरमागे जात नाही. मग रोटाव्हेटर आणि चकत्या वेगळ्या न्या, पाणी काढून टाका, किंवा सरळ मोठा पिकअप सांगा.

५. वजन कुठे बसतंय ते ठरवा

दोनचाकी ट्रॉली तराजूच्या दांडीसारखी असते. भार आसाच्या मागे गेला की हूक वर उचलला जातो, पुढच्या गाडीची मागची चाकं हलकी होतात आणि वेग धरताच ट्रॉली शेपटी हलवायला लागते. भार फार पुढे गेला की हूकवर ओझं, आणि ओढणारा ट्रॅक्टर असेल तर त्याचा पुढचा भाग हलका होऊन स्टिअरिंग पोकळ लागतं. ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या पुढच्या आसावर त्याच्या वजनाच्या निदान वीस टक्के तरी राहिले पाहिजेत. हूकवर ट्रॉलीच्या एकूण भाराच्या १० ते १५ टक्के येऊ द्या.

मिनी ट्रॅक्टरचा तोल कुठे आहे ते असं काढा: पुढच्या आसावरचा भार गुणिले दोन आसांमधलं अंतर, भागिले एकूण वजन. आपल्या उदाहरणात रोटाव्हेटर मागे लटकलेला असल्यामुळे पुढे ३३० आणि मागे ८८२ किलो समजू, आसांमधलं अंतर १५० सेंटिमीटर. ३३० × १५० ÷ १२१२ म्हणजे सुमारे ४१. तोल मागच्या आसाच्या ४१ सेंटिमीटर पुढे आहे.

आता हूकवर १६६२ चे दहा टक्के, म्हणजे १६६ किलो हवेत. रिकाम्या ट्रॉलीचा हूक ४० किलो दाबतो असं धरलं तर ट्रॅक्टरने आणखी १२६ द्यायचे. हूकपासून ट्रॉलीच्या आसापर्यंत ३०० सेंटिमीटर अंतर असेल तर १२६ × ३०० ÷ १२१२ = ३१. ट्रॅक्टरचा तोल ट्रॉलीच्या आसाच्या ३१ सेंटिमीटर पुढे आला पाहिजे. म्हणजे पुढे तोंड करून चढवलेल्या ट्रॅक्टरचा मागचा आस ट्रॉलीच्या आसाच्या १० सेंटिमीटर मागे थांबवायचा. ट्रॉलीच्या फळीवर खडूने रेघ ओढा आणि चढवणाऱ्याला त्या रेघेवर थांबवा. अंदाजाने "अजून थोडं, अजून थोडं" चालू झालं की बिघडतं.

रोटाव्हेटर का उतरवायचा ते आता दिसेल. तो मागे लटकला की पुढची चाकं हलकी होतात, तोल मागे सरकतो, आणि फळीवर चढताना ट्रॅक्टर पुढून उचलला जायची भीती असते. तोच उतरवून ट्रॉलीच्या पुढच्या भागात बांधला तर हूकला हवा तो भारही मिळतो. मात्र गणित नव्याने करा.

६. धर्मकाट्यावर खात्री करा

कागदावरचा हिशेब गाडी ठरवण्यासाठी. निघण्याआधी काटा हवाच. देवास नाका, लसूडिया, चोईथराम मंडी, जिकडे ट्रक उभे राहतात तिकडे धर्मकाटे (अख्खी गाडी तोलायचे काटे) आहेत, आणि खर्च पोहे-जलेबीइतका. इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी फेरतपासणी होते, नापतौल (वजन-मापं) विभागाचं प्रमाणपत्र केबिनमध्ये लावलेलं असतं. तारखेवर नजर टाका.

काटेवाला तुम्हाला एकच पावती देऊन पुढे ढकलेल, मागे ट्रकवाले हॉर्न वाजवत असतात. आधीच सांगा, "भिया, तीन बार तौलना है." मग या क्रमाने:

पहिल्यांदा सगळी गाडी, ट्रॉली जोडलेली. एकूण भार कळला.

दुसऱ्यांदा गाडी पुढे घेऊन फक्त ट्रॉलीची चाकं काट्यावर, हूक जोडलेलाच. हा ट्रॉलीच्या आसावरचा भार.

तिसऱ्यांदा ट्रॉली सोडवून, स्टँडसह पूर्ण काट्यावर. चाकांना ठोकळे लावल्याशिवाय हूक सोडू नका. हे ट्रॉलीचं पूर्ण वजन.

तिसऱ्यातून दुसरं वजा केलं की हूकवरचा भार मिळतो. यात एक खोच आहे. ट्रकचा काटा दहा किंवा वीस किलोच्या टप्प्याने आकडा दाखवतो, त्यामुळे १६६ चे कधी १४० तर कधी १८० दिसतील. हूकचा भार नेमका हवा असेल तर मंडीत पोती तोलतात तो प्लॅटफॉर्म काटा घ्या आणि हूक प्रवासात असतो त्याच उंचीवर ठेवून त्यावर टेकवा. तोलताना गाडीत कुणी बसलेलं नको, आणि काट्याच्या मागची-पुढची जमीन सपाट नसेल तर आसाचा आकडा चुकतो. पावत्या फेकू नका, वाटेत विचारलं तर त्याच कामी येतात.

७. वजनाप्रमाणे बांधा

ब्रेक लागला की माल पुढे जातो. युरोपातल्या माल बांधण्याच्या नियमात पुढच्या दिशेला वजनाच्या ०.८ पट आणि बाजूला व मागे ०.५ पट जोर धरतात, तेच आपणही धरावं. १२१२ किलोला पुढे सुमारे ९७० किलोचा जोर. रॅचेट बेल्टच्या चिठ्ठीवर "एलसी" (बेल्ट किती ओढ पेलतो ते) पुढे आकडा डीएएन (डेकान्यूटन) मध्ये असतो, तो जवळपास किलोइतकाच. बेल्ट तिरका लागतो म्हणून पूर्ण ताकद मिळत नाही, म्हणून प्रत्येकी हजाराच्या वरचे दोन मागे ओढणारे, दोन पुढे ओढणारे. बेल्ट आसाला किंवा चेसिसला लावा. टाय रॉडला (स्टिअरिंगच्या दांडीला), बॉनेटला, हायड्रॉलिकच्या दांड्यांना नाही. चिठ्ठी फाटलेला बेल्ट घेऊ नका, त्याची ताकद कुणालाच माहीत नसते. रोटाव्हेटर ट्रॅक्टरला लावलेला असेल तर ट्रॉलीच्या फळीवर टेकवून वेगळा बांधा. गिअरमध्ये ठेवून हँडब्रेक ओढला की झालं असं समजणारे खूप आहेत.

थोडं अंतर गेलं की थांबून बेल्ट पुन्हा आवळा, टायरची हवा सुटली की ते ढिले पडतात. हाताने ट्रॉलीचा हबही चाचपा. हात ठेववत नसेल इतका गरम असेल तर बेअरिंग जातंय.

८. घाटात

इंदूरहून सिमरोल सोडून खंडव्याच्या रस्त्याला लागलात तर भेरूघाट आहे, महूवरून खाली धामनोदकडे जाल तर गणेश घाट. दोन्ही उतारांवर अवजड गाड्यांचे ब्रेक निकामी होऊन अपघात झालेले आहेत. उतार २० ला १ असेल तर वजनाच्या ५ टक्के जोर सतत खाली ढकलत असतो: १६६२ किलोची ट्रॉली पुढच्या गाडीला ८३ किलोने मागून रेटते, तळापर्यंत, न थांबता. उतार सुरू होण्याआधी खालचा गिअर टाका आणि क्लच दाबू नका. ब्रेक पायाखाली घासत ठेवण्यापेक्षा थोडा दाबून सोडत राहा. ट्रॅक्टरचे दोन ब्रेक पेडल एकत्र जोडणारी पट्टी लावलेली आहे ना ते वरच बघा. एकच चाक अडलं तर ट्रॉली आडवी येते.

९. बंद पडलेला ट्रॅक्टर ओढून आणायचा असेल तर

दोर टॉप लिंकला (अवजार जोडायच्या वरच्या दांडीला) कधीच बांधू नका. उंचावरून ओढ बसली की ओढणारा ट्रॅक्टर पुढून उठून उलटतो. ओढ ड्रॉबारवरच (मागच्या खालच्या ओढपट्टीवर). शक्य तर दोराऐवजी लोखंडी टो-बार वापरा, कारण दोराला मागचा थांबवता येत नाही. दोन गाड्यांत पाच मीटरपेक्षा जास्त अंतर नको, मागे ठळक अक्षरांत "ऑन टो" लिहा, गिअर न्यूट्रल, फोर-व्हील ड्राइव्ह सुटलेला, आणि मागच्या ट्रॅक्टरवर ब्रेक माहीत असलेला माणूस. अंधार पडायच्या आत पोचता येत नसेल तर त्या दिवशी निघू नका.